मघेतलं ग्रहण

रविवारी सकाळपासून मी तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. व्याख्यान संध्याकाळी सहाला, तेही इथेच कोथरूडमध्ये, घरापासून दहा मिनिटांवर. पण पाय एका जागी ठरतील तर शपथ!

व्याख्यान माझ्या भाच्याचं, विक्रमचं. विषय काय, तर कुरुक्षेत्रावरचं भारतीय युद्ध खरंच झालं आणि ते अमुक साली झालं. हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून हा पोरगा दोन वर्षं लॅपटॉपवर आकाश मागे फिरवत बसला होता. काव्यात ग्रह जसे सांगितलेत तसे आकाशात कधी होते, ते म्हणे सॉफ्टवेअर दाखवतं. दहा विद्वानांनी आजवर दहा सालं काढलीत. विक्रमचं साल मात्र एकाच ओळीवर उभं होतं: मघा नक्षत्रात ग्रहण, शेजारी गुरू आणि शनी. ही ओळ फक्त आमच्या पोथी मंडळाच्या आवृत्तीत आहे, तळटीपेत. आणि ती पोथीतून वाचली होती मी.

शनिवार पेठेतल्या त्या मंडळात माझी एकतीस वर्षं गेली. कामाची रीत अशी, की एकानं पोथी मोठ्यानं वाचायची, चौघांनी आपापल्या तक्त्यात अक्षरं भरायची, मग दुसऱ्यानं तेच पान पुन्हा वाचून ताळा घ्यायचा. या ओळीच्या पानाच्या वेळी आमचे सहकारी नागोराव ताळ्याला उठले, तर मी फणकारले, "माझं वाचणं तपासणार? आधी स्वतःचा चष्मा बदला." सगळे हसले. त्या पानाचा ताळा राहिला तो राहिलाच.

गुरुवारी विक्रमला मूळ पानाचा फोटो हवा म्हणून मी मंडळात गेले. पोथीचं लाल फडकं सोडलं आणि पान खिडकीशी धरलं. ओळ मजकुरात नव्हतीच! समासात होती, बारीक अक्षरात, वेगळ्या शाईनं. नकलताना राहिलेली ओळ समासात लिहिली, तर ती कुठे घालायची याची खूण मजकुरात करतात. इथे खूण नव्हती. पोथीच्या कुणा मालकानं आपल्या अंगणातून पाहिलेलं ग्रहण हौसेनं श्लोकात बांधून ठेवलं होतं, आणि मी ते कुरुक्षेत्रावर नेऊन ठेवलं.

शुक्रवारी सांगायला म्हणून वारज्याला त्याच्या फ्लॅटवर गेले. दार उघडलं तोच तो वाकून पाया पडला. "आत्या, तू नसतीस ना, तर सगळं झीरो होतं गं!" त्याच्या बायकोनं थालीपीठ वाढलं. मी ते खाल्लं आणि परत आले.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. पहिल्याच स्लाइडवर माझं नाव, हे एवढ्या मोठ्या अक्षरात. विक्रम म्हणाला, "एकतीस वर्षांत जिचं वाचन कुणाला तपासावं लागलं नाही, त्या माझ्या आत्याची ही ओळ."

टाळ्या पडल्या. मी उठले.

"तपासावं लागलं नाही असं नाही," मी म्हणाले. "मी तपासू दिलं नाही. ही ओळ काव्यातली नाही. कुणाची तरी समासातली टीप आहे. चूक माझी आहे, विक्रमची नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे झालं का युद्ध, की उद्या या?" चारजण हसले.

विक्रमनं प्रोजेक्टर बंद केला. खाली येऊन माझ्यासमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"परवा घरी आली होतीस ना? तेव्हा का नाही सांगितलंस?"

दोन दिवस का होईना, ते कौतुक मला हवं होतं.