वेगनळीवरची लाल टोपी

कुणाच्याही डोक्यावर कधी न बसलेली टोपी तुम्ही पाहिली आहे का, मित्रांनो? नसेल तर आज पाहून घ्या. मी तशी एक जुनी टोपी आहे. माझा रंग लाल होता, आता विटकरी म्हणा हवे तर. माझ्या टोकाला एक लांब पट्टा आहे आणि त्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘उड्डाणाआधी काढा’. ‘मला इथून हलवा’ असे अंगावर लिहूनच जन्माला आलेली माझ्यासारखी दुसरी कुणी तुम्हाला सहसा भेटणार नाही. पण मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. वेळेवर जागेवरून उठणे हेसुद्धा एक कामच आहे.

माझे काम नीट सांगते. प्रवासी विमानाच्या नाकाजवळ दोन्ही अंगांना बोटाएवढी एकेक नळी असते, वेगनळी. विमान धावू लागले की वारा त्या नळीत शिरतो आणि त्याच्या जोरावरून वैमानिकासमोरचा काटा वेग दाखवतो. डावी नळी कॅप्टनच्या काट्याची, उजवी सहवैमानिकाच्या. नळी बुजली की काटा खोटे बोलू लागतो. वेग न कळता विमान उडवणे म्हणजे डोळे बांधून जिना उतरणे. आणि नळी बुजवायला फार मोठा शत्रू लागत नाही हो! धूळ पुरते. कुंभारीण माशी तर तासाभरात चिखलाची गोळी आणून आत संसार थाटते. म्हणून विमान उभे राहिले की आम्हाला नळ्यांवर चढवतात. आम्ही म्हणजे मी आणि माझी जुळी बहीण. मी डावीकडे, ती उजवीकडे. माणसे एकमेकांना टोप्या घालतात त्या फसवायला, आमची टोपी मात्र राखणीसाठी.

आम्हाला एका कार्यशाळेत जाड कॅनव्हासचे कपडे शिवणाऱ्या बाईंनी शिवले. नळी बर्फाने गोठू नये म्हणून तिला आतून गरम करण्याची सोय असते, म्हणून बाईंनी मला आगीला दाद न देणारे अस्तर लावले. धागा दातांनी तोडत त्या शेजारणीला म्हणाल्या, “एवढी मेहनत करायची, आणि विमान उडताना हिला घरी बसवायचं. सासुरवाशिणीचं नशीब बाई!” दोघी खूप हसल्या. मला तेव्हा त्यातले काही कळले नाही.

मला मिळालेले विमान लहान होते, पंख्यांचे. छोट्या गावांच्या धावपट्ट्यांवर ते दिवसातून अनेकदा उतरे. त्याच्या कॅप्टनना सगळे मास्तर म्हणत, कारण कुठलीही गोष्ट ते हवेत बोटाने फळ्यावर लिहिल्यासारखे करून समजावून सांगत. केस पिकलेले, पोट जरा सुटलेले, आवाज मऊ. त्यांची एक सवय सगळ्या विमानतळाला ठाऊक होती. उड्डाणाआधी सहवैमानिक विमानाभोवती फेरी मारतो, चाके, पंखे, दारे तपासतो, आम्हाला काढतो आणि आत येतो. तो खुर्चीत टेकायच्या आत मास्तर हात पुढे करत, “दाखव.” सहवैमानिकाने आम्हा दोघींना त्यांच्या तळहातावर ठेवायचे. मास्तर आम्हाला चाचपून बघत आणि मग आपल्या खुर्चीमागच्या खिशात ठेवत. आमचे दोन पट्टे खिशाबाहेर लोंबत राहत. ‘काढल्या’ या शब्दावर त्यांनी कधी विमान हलवले नाही. नव्या मुलांना त्याचा राग येई. “आमच्यावर विश्वास नाही का?” असे ती पाठीमागे कुरकुरत. मास्तरांच्या कानावर ते गेले की ते म्हणत, “विश्वास माणसावर ठेवतो रे. घाईवर कसा ठेवू?”

अशात एक नवी सहवैमानिक आली. तिचे खरे नाव फारसे कुणी घेत नसे. सगळे तिला शंकासुर म्हणत, आणि त्याला कारण होते. आधी ती एका दुसऱ्या कॅप्टनबरोबर उडायची. त्यांना लोक तोफ म्हणत, यावरून काय ते समजा. एकदा विमान निघायच्या बेतात असताना तिला दाराचा इशारादिवा लागलेला दिसला आणि तिने थांबायला सांगितले. दिवा लागलेला नव्हताच. काचेवर उन्हाची तिरीप पडली होती. उशीर झाला, प्रवासी वैतागले, तोफ धडधडली. “उगाच शंका काढते” असा शेरा तिच्या नावावर पडला. ती अजून कायम झालेली नव्हती. आणखी एक असा शेरा आला तर नोकरी गेली, हे तिला स्वच्छ सांगण्यात आले होते. आता तिच्याबद्दलचे शेवटचे मत मास्तर देणार होते.

तेव्हापासून पोरगी बोलायची कमी झाली. काम चोख करी. आम्हाला मास्तरांच्या हातावर ठेवताना दोन्ही हातांनी ठेवी. पण काही विचारायचे असेल तर ओठ हलत आणि आवाज आतच राही. मला फार कणव येई तिची. मास्तरांवर तिची भक्ती होती, आणि भक्तीत माणूस प्रश्न विचारत नाही.

मित्रांनो, आता तो दिवस सांगते. सकाळची वेळ होती, आकाश निरभ्र. विमान एका धुळकट धावपट्टीजवळ उभे होते आणि आम्ही दोघी नळ्यांवर होतो. तिला घरून फोन आला. वडिलांना दवाखान्यात हलवले होते, आई फोनवर रडत होती. ती फोन कापायला निघाली तेव्हा मास्तरांनी तिला थांबवले. “बोल तू आईशी, निवांत बोल. फेरी आज मी मारतो. अजून विसरलो नाहीये मी ते काम.”

चांगल्या मनाने ते खाली उतरले. उजवीकडून सुरुवात केली, माझ्या बहिणीला काढून बगलेत धरले, आणि नाकाला वळसा घालून माझ्याकडे निघाले. हात लांबवला असता तर मी हाती लागले असते. इतक्यात शेपटीकडून इंधनवाल्याने हाक मारली, “मास्तर, जरा इकडे येता का? हे झाकण नीट बसत नाहीये.” ते तसेच वळून गेले. झाकण बसवले, इंधनवाल्याशी दोन शब्द बोलले, उरलेले विमान तपासले आणि मागच्या दाराने आत गेले. मी जिथल्या तिथे. मला तोंड असते तर मी गाव गोळा केला असता!

पुढचे आतले बोलणे मला नंतर कळले, कारण त्या दोघांनीही ते कितीजणांना सांगितले आहे. पोरगी डोळे पुसून खुर्चीत बसली होती. वडील शुद्धीवर आले होते, जिवाचा धोका नव्हता. मास्तर आले, माझ्या बहिणीला खिशात कोंबले आणि बसले. त्या दिवशी ‘दाखव’ म्हणायला कुणी नव्हते. ती चाल वरून खाली होती ना! मोठ्याने लहानाला विचारायचे. मोठाच फेरी मारून आला तर त्याला कोण विचारणार? तिने मास्तरांच्या रिकाम्या हातांकडे पाहिले, पण ‘सर, दाखवा’ म्हणणे तिला उद्धटपणाचे वाटले.

पंखे फिरू लागले. विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. ती तपासणीचे मुद्दे मोठ्याने वाचत होती. नळ्या गरम करायच्या मुद्द्यावर तिने बटण दाबले आणि इकडे माझ्या पोटात चटका बसला. अस्तर करपू लागले. पण त्याच मुद्द्याने तिला आमची आठवण दिली. तिने मान वळवून खिशाकडे पाहिले. एकच पट्टा लोंबत होता.

दुसरा आत दुमडला असेल. मास्तरांच्या बगलेत राहिला असेल. पुन्हा उन्हाची तिरीपच असेल. तिच्या मनात हे सगळे येऊन गेले, आणि तो शेराही. टॉवरने धावपट्टीवर यायची परवानगी दिली.

“सर,” ती म्हणाली आणि गप्प झाली.

“हं?”

मास्तरांनी ब्रेक सोडायला हात घातला.

“सर, टोप्या दाखवा.”

मास्तर हसले. “अगं, मीच काढल्यात की.”

“दोन्ही?”

“दोन्ही. चल, मागे विमान खोळंबलंय.”

“मग दाखवा ना, सर.” तिचा आवाज कापत होता. “मला एकच पट्टा दिसतोय. माझं चुकत असेल. पण दाखवा.”

मास्तरांनी न बघताच हात मागे नेला आणि माझ्या बहिणीला ओढून काढले. हात पुन्हा खिशात गेला. खिसा तळापर्यंत चाचपला. मग त्यांनी ब्रेक पुन्हा पक्का केला.

“ब्रेक लावलाय,” ते म्हणाले. “टॉवरला सांग, आपण परत येतोय. आणि नळ्यांची उष्णता बंद कर.”

प्रवाशांना त्यांनी स्वतः सांगितले, “विमानात बिघाड नाही. चूक माझी आहे, आणि ती माझ्या सहवैमानिकानं पकडली आहे. उशिराबद्दल क्षमा करा.” तंत्रज्ञ धावत आला. मला काढताना त्याचे बोट भाजले. त्याने नळी साफ केली, तपासली. मग मास्तर तिला म्हणाले, “आता तू जा. पहिल्यापासून सगळी फेरी मार. घाई करू नकोस, मी बसलोय.”

विमान उडाले आणि सुखरूप उतरले. मी मात्र करपले होते. मला टाकून द्यायचे ठरले, तेव्हा मास्तरांनी मला मागून घेतले. अशी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी गेले.

मास्तरांनी आपली चूक आपणच वर कळवली आणि चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवले गेले. इकडे उपाहारगृहात बोलणे सुरू झाले, “शंकासुराने मास्तरांनाही सोडलं नाही!” चार दिवस ते ऐकून पोरगी मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. दार त्यांच्या बायकोने उघडले.

“ये गं ये. तुझीच वाट बघतायत. मी इतकी वर्षं विचारतेय, गॅस बंद केला का, तर अंगावर येतात. तू एकदाच विचारलंस आणि विमान वळवलं! मंत्र शिकव मला.”

पोरीला हसू येईना. मी टेबलावर होते, माझ्याकडेच बघत ती म्हणाली, “सर, माझ्यामुळे तुम्हाला घरी बसावं लागलं.”

“तुझ्यामुळे मी घरी तरी आहे,” मास्तर म्हणाले. “बस. मला काय लागलंय ते सांगतो. विसरलो ते तर लागलंच. पण तू ‘सर’ म्हणालीस आणि मग गप्प झालीस ना, ते जास्त लागलं. तेवढा वेळ तू मला घाबरत होतीस.”

“तुम्हाला नाही, सर. ते आधीचं...”

“असेल. पण तेव्हा त्या खुर्चीत मी होतो. मी रोज तुझ्याकडे मागितलं, दाखव म्हणून. तूही माझ्याकडे मागायचं, हे एकदाही सांगितलं नाही. शिकवणारा म्हणवतो स्वतःला!”

मास्तरांच्या बायकोने चहा आणून ठेवला. मग मास्तर म्हणाले, “तुझ्याबद्दलचं मत पाठवलं मी. तोंडपाठ आहे, ऐक. ‘शंका काढते. हिला ठेवाच.’”

ती घळाघळा रडली. “रड गं पोटभर,” मास्तरांची बायको म्हणाली, “पण चहा गार करू नकोस.”

ती कायम झाली. काही आठवड्यांनी मास्तरही उडायला लागले आणि पहिले उड्डाण त्यांनी तिच्याबरोबरच मागून घेतले. त्या विमानतळावरची चालही बदलली. बाहेर कुणीही जावो, आत बसलेल्याने हात पुढे करायचा. सुरुवातीला नव्या मुलांचे हात अवघडत. कॅप्टनांपुढे हात पसरायचा म्हणजे काय! हळूहळू अंगवळणी पडले. तोफ अजून कुरकुरते, पण दाखवते.

मित्रांनो, आता मी वैमानिकांच्या शिकवणीच्या खोलीत असते. मास्तर निवृत्त होऊन तिथे शिकवतात. तुमच्यासारखी शाळेची मुलेही सहलीला येतात. काही मला डोक्यावर घालू बघतात, पण मी बसत नाही, काही करपलेल्या अस्तरात बोट खुपसतात. माझी शिवण उसवत चालली आहे. मला सांभाळा, असे सांगायचा आमच्यासारख्यांचा रिवाज आहे, पण कापडच ते, एक दिवस विरणारच. तुम्ही विचारणाऱ्या माणसाला सांभाळा. तुमच्यात एखादी मुलगी सारखी ‘पण’, ‘का’, ‘नक्की ना’ म्हणत असेल तर तिला चिडवू नका. आणि विचारणारे तुम्ही स्वतः असाल, तर आवाज कापला तरी चालेल, वाक्य पुरे करा.

परवाच अशी एक मुलगी आली होती. मास्तरांनी, ‘एक कॅप्टन’ म्हणत, माझी गोष्ट सांगून संपवली तसा तिने हात वर केला. तिच्या बाईंनी डोळे वटारले, तरी तिने विचारलेच, “टोपी विसरणारे ते कॅप्टन कोण होते?”

बाई ओशाळल्या आणि “बस खाली” म्हणाल्या.

“बसू नकोस,” मास्तर म्हणाले. “मी होतो तो.” मग त्यांनी मला उचलून तिच्या हातात दिले आणि म्हणाले, “अजून काय विचारायचंय? विचार.”