धाग्याबाहेरची जागा

हिंगोली वेगळा जिल्हा झाला ते १९९९ साल. त्या दिवाळीनंतर पुसेगावात बनाबाई ओसरीवर टकळी फिरवत बसली होती आणि पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेल्या रागिणीने तिच्या मांडीवर एक फोटो ठेवला. काळ्या कागदावर फिकट, लांबट धागे.

नवरा गेल्यापासून मेंढरं दीर प्रभूकडे होती. बनाबाईकडे उरली ती लोकर आणि ही एकुलती लेक. लेकीला पुढच्या संशोधनासाठी जर्मनीत चार वर्षांसाठी बोलावलं होतं. हिंगोलीच्या एका कॉलेजातही तिने अर्ज केला होता. कॉलेजाकडून होकार आला तर मी जर्मनीला जाणार नाही, असं ती घरात पाऊल टाकताच म्हणाली होती.

“कुणी कातलं हे? धागा सारखा न्हाई. जागोजाग गाठी पडल्यात.”

रागिणी हसली. ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायू असाच ताणला जातो, म्हणाली. धाग्याला बाजूने आणखी बारीक तंतू येऊन मिळतात, त्यांच्यावरून आजूबाजूचा वायू आत सरकतो. गाठी जड होत जातात आणि तारे जन्मतात ते त्या गाठींतच.

बनाबाई जन्मभर गाठी नखाने खुडत आली होती. तिने अंगठा धाग्यांच्या बाहेर, काळ्या जागेवर ठेवला.

“अन् हितलं?”

“ते विरळ होत जातं, माय.”

टकळी पुन्हा फिरू लागली. थोड्या वेळाने रागिणीने फोटोकडेच बघत विचारलं, कॉलेजचं काही आलं का.

पत्र आठ दिवसांपूर्वीच आलं होतं. एक तारखेपासून रुजू व्हा, असं प्रभूने दोनदा वाचून दाखवलं होतं. बनाबाई टेकली होती त्या लोकरीच्या पोत्याखाली ते होतं.

“न्हाई बाई. काई न्हाई आलं.”

“बराबर बघितलंस ना?”

“काहून इचारून राहिलीस सारखं?” धागा तुटला. तिने तो बोटांनी जोडला. “तयारीला लाग. तिकडं थंडी लई असंल.”

रागिणी गेली आणि तिकडचीच झाली. कॉलेजातली जागा वाशीमच्या एका माणसाला मिळाली. प्रभूने पुढे मेंढरं विकली. बनाबाई २००७च्या उन्हाळ्यात वारली. शेवटची दोन वर्षं तिला दिसत नव्हतं.

दहाव्याला आलेल्या रागिणीला प्रभूने खाली मान घालून सांगितलं,

“पोरी, तवा पत्र आलं व्हतं. वहिनीनं मला आण घातली व्हती.”

“माहीत होतं, काका. त्या दिवशी पुण्याहून येताना मी आधी हिंगोलीला उतरले, कॉलेजात विचारलं, अन् मग घरी आले.”