डोळा धरेपर्यंत

घर अ-१

आंबीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत स्नेहलच्या ताब्यात एक यंत्र होतं. त्याच्या ट्रेमध्ये अ-१ ते ह-१२ अशी शहाण्णव घरं आणि शेवटचं सोडून घरागणिक वेगळ्या मिश्रणाच्या गोंदाचा एकेक थेंब. यंत्र थेंब सोडायचं, वरून प्लास्टिकची पट्टी दाबायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि पट्टी ओढायचं. किती जोर लागला, तो आकडा पडद्यावर यायचा. पूर्वी माणसं दिवसभर राबून चार गोंद तपासायची. आता दुपारच्या डब्याच्या आत पंच्याण्णव.

घर अ-२

शून्य.

घर अ-३

शून्य. पुढेही तेच.

कोरड्या प्लास्टिकला सगळेच चिकटत होते. पण चिकटपट्टी हवी होती ती पॉलिहाऊसचं फाटलेलं छप्पर सांधायला, आणि थंडीत ते छप्पर दवानं निथळत असतं. ओल्यावर एकही गोंद टिकेना.

"येत्या आठवड्यात काही निघालं नाही तर हे काम बंद," विभागप्रमुख राजेंद्र सर म्हणाले. "यंत्राला दुसरी कामं आहेत."

"आणि मला, सर?"

"तुलाही देऊ की. भिंतीच्या रंगाचं."

घर ब-६

रविवारी ती कान्हे गावाला आत्याकडे गेली. आत्याच्या, म्हणजे कस्तुराबाईंच्या, गुलाबांवरचा कागद वाऱ्यानं फाटला होता. पॉलिहाऊसच्या प्लास्टिकला गावात कागदच म्हणतात. फटीतून गारठा आत येऊन कळ्या काळ्या पडत होत्या. चिकटवलेली खाकी टेप सकाळी खाली लोळत होती.

"तुमी एवढं शिकल्याली माणसं गोंद करता," आत्या म्हणाली, "मग हितं का चिकटंना?"

"तेच तर शोधतेय."

आत्या कलमासाठी रानगुलाबाच्या खुंटांवर डोळे भरत होती. खुंटाची साल चिरायची, चांगल्या गुलाबाचा डोळा आत बसवायचा, वरून पट्टी बांधायची. स्नेहलनं सवयीनं एका पट्टीला हात घातला.

"हात लावू नगंस! ल्हानपणी माजे किती डोळे मारलेस. रोज पट्टी सोडायची, ओढून बघायची. धरला का, धरला का! अगं, त्याला जीव तर धरू दे."

"सहा वर्षांची होते गं मी."

"आन आता लय मोटी झालीस व्हय?"

स्नेहल हसली. हसता हसता थांबली.

अर्धा मिनिट.

घर ब-७

गोंद आणि ओलं प्लास्टिक यांच्या मधे पाणी असतं. गोंदानं आधी ते पाणी शोषायचं, मगच प्लास्टिकला भिडायचं. तेवढी सवड तिनं पंच्याण्णवांतल्या एकालाही दिली नव्हती. थेंब ठेवायचा, ओढायचा. धरला का,

घर ब-८

धरला का.

घर ड-१

"थांबायचं?" राजेंद्र सर म्हणाले. "अगं, घाई करायलाच तर हे यंत्र आणलं."

"यंत्र नाही थांबणार, सर. ट्रे थांबतील. एकामागून एक ट्रे भरायचे, दमट पेटीत रचून ठेवायचे. उद्या यंत्रानं ओळीनं ओढत सुटायचं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आधी का नाही सुचलं?"

"डोळे मारायची जुनी सवय, सर."

"काय?"

"काही नाही. पेटी द्या."

घर ह-१२

हे घर कोरं ठेवतात, बाकीच्यांशी ताडून बघायला. ट्रे पेटीत असताना स्नेहलनं काय काय केलं, ते सगळं इथे आहे:

घर ड-९

दुसऱ्या दिवशी बरीच घरं शून्यच निघाली. मग एका घरापाशी यंत्राचा हात अडला. ओढू लागला. प्लास्टिक ताणलं, पांढरं पडलं, फाटलं. गोंद जागचा हलला नाही. तसंच आणखी दोन घरांत.

राजेंद्र सर पडद्याकडे बघत राहिले. "भिंतीचा रंग राहू दे," म्हणाले.

घर नाही, छप्पर

त्या गोंदाची पट्टी घेऊन स्नेहल भल्या सकाळी कान्ह्याला पोचली. कागदावर दव होतं. तिनं ते पुसलं नाही. शिडीवर चढून पट्टी फटीवर दाबली आणि खाली उतरली. कारखान्यातलं प्लास्टिक नवंकोरं होतं; हा कागद उन्हापावसानं जुनाट झालेला. इथे धरेल का, हे तिला ठाऊक नव्हतं.

आत्या तोवर शिडीवर. पट्टीचं टोक तिच्या चिमटीत.

"आत्या, ओढू नकोस! उद्यापर्यंत थांब."

आत्यानं खाली पाहिलं. "कोन बोलतंय बगा!"

पण टोक सोडलं.