मायेची स्लाइड

मुळात मला तो कॉम्प्युटर नकोच होता. दिल्लीत सेमिनरीच्या, म्हणजे पाद्री व्हायला आलेल्या पोरांना हिब्रू शिकवायला मला खडू पुरतो. पण त्या परिषदेतल्या सत्राचं नावच ‘बायबलच्या भाषा आणि संगणक’! अध्यक्ष कुरुविला सर फोनवर म्हणाले, “कुमुदिनीजी, प्लीज, या वेळी हाताने लिहून आणू नका.” झालं! माझी लेक संपदा तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. तिला गळ घातली.

सत्त्याण्णव साल होतं. गुडगावात शेतं जाऊन काचेच्या इमारती उठत होत्या, तिथल्याच एका कोऱ्या करकरीत हॉटेलात परिषद. कुरुविला सर हिब्रू शब्दांचा कोश सीडीवर आणणार होते. त्यात हिंदी, तमिळ, मल्याळम या भाषा ठरल्या होत्या. मराठीचं माझ्या निबंधानंतर ठरायचं होतं. आणि कोशाच्या समितीतले खुराना सगळ्यांना सांगत सुटले होते, “मराठी अलग से क्यों? हिंदी से काम चल जाएगा.” काम चल जाएगा म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माझा निबंध एकाच शब्दावर होता. हेसेद. त्याला दया म्हणावं तर ती वरून टाकल्यासारखी वाटते, प्रेम म्हणावं तर सिनेमातलं. समोरचा चुकला, उलटला, तरी जी सुटत नाही ती ओढ म्हणजे हेसेद. मराठीत त्याला शब्द आहे माया. उदाहरणाला मी वाक्य रचलं, ‘देवाची माया आटत नाही.’ मी मराठीत लिहायचं आणि संपदानं त्याचं इंग्रजी करून स्लाइड बनवायच्या, अशी आमची वाटणी.

पोर दिल्लीत वाढलेली. “आई, आटणं म्हणजे?”

“दूध कसं आटतं, तसं.”

“अच्छा, ओके.”

मला बरं वाटलं, विचारते तरी. जे येत नव्हतं ते तिनं विचारलं. घात झाला तो जे येतंय असं वाटलं तिथे.

हॉटेलच्या कॉम्प्युटरवर उजवीकडून वाचायची हिब्रू अक्षरं उलटी उमटली, डावीकडून उजवीकडे. ती सरळ करता करता पोरीचा नाश्ता बुडाला आणि माझं स्लाइड तपासायचं राहिलं. मी आपली माइकसमोर उभी राहिले, ऐटीत. बोलता बोलता संपदाला खूण केली आणि अख्खा हॉल खिदळला. मला वाटलं, हिब्रू परत उलटी झाली. वळून बघते तो पडद्यावर ठळक इंग्रजीत, ‘देवाचा भ्रम कधी आटत नाही.’

अगं बाई!

खुराना उठलेच. “मॅडम, भगवान खुद भ्रम में हैं, या हमें डाल रहे हैं?”

गेली मराठी, म्हटलं. कॉम्प्युटरपाशी संपदाचा चेहरा रडवेला झाला होता. “सॉरी, आई,” म्हणत ती दाराकडे निघाली, आणि माझा राग धावून आला. माइक चालू आहे याचंही भान राहिलं नाही.

“अगं कार्टे, माया म्हणजे भ्रम? नाक कापलंस माझं भर सभेत! आणि चाललीस कुठे उपाशी? सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. माझ्या पिशवीत धपाटे आहेत, ते खा आधी! आणि दह्याचा डबा सरळ धर, सांडशील!”

कुरुविला सरांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही काय म्हणालात?”

“शिव्या दिल्या,” मी म्हटलं, “आणि जेवायला सांगितलं.”

“दोन्ही एकदम?”

“एका दमात.”

सरांनी संपदाकडे बघितलं. ती मुकाट्यानं माझी पिशवी उघडत होती. “हेच ना हेसेद?” ते म्हणाले.

“हो. हीच माया.”

“आणि हिंदीत माया म्हणजे काय, डॉक्टर खुराना?”

“भ्रम,” खुराना पुटपुटले. “या फिर पैसा.”

“म्हणजे हिंदीवर भागवलं, तर सीडीवर हीच स्लाइड जाईल.” सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. “मराठी घेऊ या.”

मी खुरानांकडे बघितलंसुद्धा नाही. बरं, एकदा बघितलं.

परतताना व्हॅनमध्ये संपदा माझ्या शेजारी बसली होती. दिल्लीतलं धौला कुआं आलं तेव्हा म्हणाली, “आई, तू मला ओरडलीस की आजी म्हणायची, ‘तुझ्या आईची माया तुला आत्ता नाही कळायची.’”

“मग?”

“मला वाटायचं, ती मला वॉर्न करतेय. की आई दिसते तशी नाहीये.”

मी खदखदून हसले. ती हसली नाही.

“म्हणजे तू जवळ घेतलंस ना, की मला वाटायचं नाटक आहे.”

माझं हसू मावळलं. एवढी हिब्रू कोळून प्यायले आणि घरातल्या पोरीला एक मराठी शब्द सांगायचा राहिला. पिशवीत हात घातला, शेवटचा एक उरला होता.

“धपाटा देऊ का?”

तिनं डोळे पुसले. “खायचा की पाठीत?”

“दोन्ही.”

तिनं आधी पाठ पुढे केली.