पहारेकऱ्याच्या खिडकीतली विश्रांती

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरात एका वसाहतीच्या फाटकापाशी पहारेकऱ्याची चौकी आहे, तिच्या खिडकीत मी टांगलेली असते. त्याआधी मी कुणाच्या तरी कपाटाचं दार होते. ते कपाट कचऱ्यात आलं, तेव्हा पहारेकरी मेंगकाकांनी माझा तुकडा कापून घेतला, घासला आणि कुंचल्याने लिहिलं, 'विश्रांतीची वेळ'. अक्षर इतकं देखणं, की येणारे-जाणारे थांबून बघत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

माझी गरज का पडली, तेही ऐका. किमान वेतनाचा कायदा सगळ्यांना सारखा लागत नसे. जिने पुसणाऱ्या ओकबुनबाईंना तो लागू होता, मेंगकाकांना नव्हता. का, तर पहारा म्हणजे नुसतं बघत बसणं. पुढे कायद्याने पहारेकऱ्यांनाही आधी थोडं कमी आणि मग पूर्ण वेतन देऊ केलं. काका खूश झाले. लगेच रहिवाशांच्या अध्यक्षा प्यॉनबाई चौकीत आल्या.

"काका, पगाराचा दर वाढला. आता सगळ्यांना ठेवणं झेपायचं नाही आम्हाला. पण तुम्हाला काढायचं जिवावर येतं हो. म्हणून तुमची विश्रांती वाढवू या, दुपारची नि संध्याकाळची. तेवढ्या वेळाचा पगार मात्र नाही."

"आणि विश्रांती घ्यायची कुठं?"

"इथंच की. या खुर्चीत."

त्या गेल्यावर ओकबुनबाई फडकं पिळत म्हणाल्या, "तुमचं तरी बरं. चौथ्या मजल्यावर स्वयंपाकाला येते ना सुन्नम, तिला कायदा अजून ओळखतच नाही. घरातलं काम म्हणे काम नव्हे."

"म्हणजे मला बढती मिळाली म्हणायची," काका हसले आणि कुंचला शोधू लागले.

मी रोज खिडकीत लटकू लागले. पण माझ्यामागे कुणी विसावलेलं मी क्वचितच पाहिलं. कुणाचं पार्सल, कुणाची किमचीच्या लोणच्यासाठी आणलेली कोबीची पोती. "काका, नाहीतरी रिकामेच बसलात, जरा हात लावा ना." नाही म्हणावं, तर करार तीनच महिन्यांचा. काका उठत.

आमच्याकडे गाड्यांना जागा अपुरी. म्हणून लोक दुसऱ्याच्या गाडीपुढे आपली गाडी आडवी लावतात आणि गिअर मोकळा ठेवून जातात. ज्याला निघायचं त्याने ती ढकलायची, पण ढकलतात पहारेकरीच. त्या हिवाळ्यात एका दुपारी एका गृहस्थाने काचेवर टकटक केली. काका जेवणाचा डबा झाकून बाहेर गेले. जमिनीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. ढकललेली गाडी उतारावर सुटली. दुसऱ्याचं नुकसान होईल म्हणून काका धावत तिच्या पुढे गेले आणि गाडी नि भिंत यांच्यामध्ये दाबले गेले. कमरेचं हाड मोडलं.

पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि त्याने माझा फोटो काढला.

"पाटी लावलेली होती. म्हणजे ते कामावर नव्हते."

"मग गाडी काय झोपेत ढकलली?" ओकबुनबाईंनी विचारलं.

त्याने माझा आणखी एक फोटो काढला. उपचाराचा खर्चही कंपनीने दिला नाही. काका रुग्णालयात असतानाच करार संपला. ज्या अक्षरांचा मला अभिमान होता, त्यांची मला लाज वाटली.

वसंतात काका काठी टेकत आपली किटली न्यायला आले. माझ्याकडे बघत उभे राहिले.

"ही पण न्या," ओकबुनबाई म्हणाल्या.

"राहू दे. नव्या माणसाला लागेल."

आता ताककाका नावाचे नवे पहारेकरी आहेत. मित्रांनो, तुमच्याही फाटकाशी कुणी बसत असेल. त्याच्या विश्रांतीच्या वेळी काचेवर टकटक करायला हात उचललात, तर क्षणभर थांबा. आमच्याकडे कुणी थांबत नाही. आता भर दुपार आहे, मी खिडकीत लटकते आहे, माझ्यामागची खुर्ची रिकामी आहे आणि ताककाका उतारावर गाडी ढकलत आहेत.