विझलेल्या घंटेचा फोटो

ऐका तर! जावात सोलो नदीकाठी घंटा घडवणाऱ्यांचं गाव आहे. त्या सकाळी तिथं अशी गर्दी लोटली, की कोंबड्यांना फिरायला जागा उरली नाही. सगळ्यांच्या नजरा एकाच काळ्या-पांढऱ्या फोटोवर. फोटोत गडी घण उगारून उभे, आणि मधली परातीएवढी काशाची घंटा काळीठिक्कर!

इथली माणसं अंधाऱ्या भट्टीत धातूचा रंग बघून ताव ओळखतात. लाल तर घाल घण, काळी तर आवर हात, नाहीतर ताडकन तडा. काल सगळ्यांनी लालबुंद घंटाच ठोकली होती. मग फोटोत काळी कशी?

"भट्टीचा राखणदार रुसला!" मांत्रिक कार्सोदींनी डोळे फिरवले; गाव त्यांना म्बाह म्हणे, म्हणजे आजोबा. "मंतरलेली फिल्म दिली होती मी. तिच्यात न दिसणारं दिसतं! भात्यावर बाई बसवता? तिला हाकला. आणि घंटा खालच्या वळणावर नदीत सोडा, माझ्या हातून."

बाई म्हणजे सुमिंतेन. नवरा गेल्यापासून भाता तीच ओढायची, त्यावरच तिची चूल. सासरा वीर्यो, भट्टीचा उस्ताद, खाली बघत म्हणाला, "पोरी, थोडे दिवस घरी बस."

"मामंजी, आज बसले तर उद्या मला उठवणार कोण?"

ती तरातरा गेली फोटोवाल्या हार्दोकोकडे. सोबत शाळेतल्या लेस्तारीबाई.

"खरं सांग, काय केलंस?"

"आईशप्पथ, काही नाही! रोल म्बाहनं दिला, तसलाच आणखी एक कोरा पडलाय. चांगला होता की, लाल दिव्यात धुता आला. माझ्या नेहमीच्या रोलला मिट्ट काळोख लागतो."

लेस्तारीबाई थबकल्या. "लाल उजेड पडला तरी फिल्म खराब होत नाही?"

"अजिबात नाही."

"अरे, मग तिला लाल दिसतच नाही!"

बाईंनी वीर्योला गळ घातली. नदीत सोडण्याआधी घंटेला एक ताव द्यायचा, फोटो दोन्ही फिल्मवर काढायचे. वीर्योनं मान डोलावली. "म्बाह, तुमचाही एक फोटो, मानाचा!" असं बाईंनी म्हटल्यावर म्बाह लाल शेला सावरून, विड्यानं रंगलेले ओठ मिरवत उभे.

दुपारी फोटो वाळले. नेहमीच्या फिल्मवर घंटा झगझगीत. म्बाहच्या फिल्मवर काळी. आणि म्बाह? शेला काळा, ओठ तर डांबर चाटल्यासारखे!

"अगं बया," जडीबुटीवाली म्हातारी खिदळली, "भात्यावर बाई बसली होती म्हणे. यांच्या ओठांवर कोण बसली?"

हशा थांबेना. बाईंनी सांगितलं, "काही फिल्मना निळं-हिरवं दिसतं, लाल दिसत नाही. लाल ते सगळं काळं. छापखान्यात वापरतात तसली. म्बाह, तुम्ही छापखान्यातच होतात ना?"

म्बाह शेला आवरत मागं सरकू लागले.

"आणि नदीच्या त्याच खालच्या वळणावर," सुमिंतेन म्हणाली, "तुमच्या भाच्यानं दोर घेऊन होडी कशाला लावलीय? बुडवलेली घंटा गुपचूप वर काढायला?"

म्बाह असे पळाले, की शेला तिथंच राहिला.

वीर्यो खाकरला. "भट्टी पेटवा. सुमिंतेन, भात्यावर तूच."

"बोलवायला लाज नाही वाटली ना, मामंजी?"

"वाटली. पण बोलावतोय."

कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात. असेल. पण कुणी पुरावा नाकासमोर नाचवला, की आधी विचारावं: याला काय दिसतं, काय दिसत नाही, आणि हा आणला कुणी? काल आपल्याच डोळ्यांनी लाल पाहिलं असेल, तर कुणाच्या कागदापायी त्याला काळं म्हणू नये. एखादीची चूल विझते त्यानं.