शिडीवरून दिसलेला वर्ग

पेंटरच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षी मुलीची शाळा बदलायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. मांडवात नव्या व्याह्यांनी सहज विचारलं होतं, "मुलगी कुठल्या शाळेत?" "इथंच, कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत," असं सांगताना त्याची मान खाली गेली. व्याही नुसते "अस्सं!" म्हणाले, आणि ते "अस्सं" त्याला काट्यासारखं बोचत राहिलं.

शहराबाहेरच्या मोठ्या शाळेच्या जाहिराती तोच भिंतींवर रंगवायचा. टाय लावलेली हसरी मुलं काढून काढून त्याला वाटू लागलं होतं, की हसावं तर त्याच शाळेत! सोमवारी तिथं मुलाखत होती. मुलगी आठ वर्षांची, बोलताना अडखळणारी. रोज संध्याकाळी तो तिला समोर उभी करी. "नाव सांग. पत्ता सांग. पटपट!" पटपट म्हटलं की शब्द तिच्या घशातच अडके. हळूहळू ती घरात बोलेनाशीच झाली. पाणी हवं असलं तरी नुसतं बोट दाखवी.

"अरे, पोर आहे की रेडिओ?" पेंटरची आई कडाडली. "बटण पिळलं की वाजायला!"

"आई, तिच्या भल्यासाठीच करतोय ना? इथल्या सरकारी शाळेत उरलंय काय? निम्मे वर्ग रिकामे."

"रिकामे केले कुणी? सगळे शहाणे आपापली पोरं उचलून नेणार आणि वर म्हणणार, शाळा ओस पडली! तिथला नळ तुटला, तर एक तरी बाप विचारायला गेला का? सरकारी म्हणजे परक्याची नव्हे, आपली."

"तू कधी गेली होतीस शाळेत?"

"नाही गेले. आमच्या वेळी शाळा नदीपलीकडे होती, आणि मुलींना कोण पाठवतं तिकडे? दारात शाळा असणं म्हणजे काय, ते मला विचार."

पेंटरने हट्ट मात्र सोडला नाही.

शनिवारी त्याला कापड दुकानाची भिंत रंगवायची होती. दुकान सरकारी शाळेच्या अगदी समोर. शिडी इतकी उंच लावली होती, की वरच्या मजल्यावरचा वर्ग उघड्या खिडकीतून सरळ दिसत होता, ऐकूही येत होता. बाई म्हणाल्या, "आता कोण वाचणार?" आणि त्याचीच मुलगी उभी राहिली! स्वतःहून, हात वर करून!

पहिल्याच ओळीत ती अडकली. पेंटरचा हात थिजला. ब्रशवरचा निळा रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. आता हसतील, त्याला वाटलं. कुणी हसलं नाही. दूधवाल्याचा पोरगा, गल्लीतला एक नंबरचा वांड, पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून शांत बसला होता. मागून एका नव्या मुलाने शब्द पुरवला, तशी शिंपिणीची मुलगी वळून म्हणाली, "थांब ना! सांगतेय ती. येतो तिला."

आणि आला! तो शब्द आला, पुढचाही आला, मुलीने पानभर वाचलं!

ही पोरं तिच्याबरोबर याच गल्लीत रांगली होती. तिच्यासाठी थांबायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बापालाच तेवढं जमलं नव्हतं.

पत्करलेलं काम त्याने पुरं केलं. मग शिडी खांद्यावर टाकून तो रस्ता ओलांडून शाळेत गेला. "बाई, उरलेला रंग आहे. तुमच्या भिंती कधी रंगवू? आणि तो नळही बघतो."

घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "सोमवारी कुठं जायचं नाही."

"अस्सं!" म्हातारी म्हणाली, आणि दोघंही खळखळून हसली. मुलगी म्हणाली, "आ... आजी, मला पाणी." पेंटर भांडं हातात घेऊन तिचं वाक्य संपेपर्यंत थांबला.

मित्रहो, शेजारची शाळा आपल्याच मुलांनी भरते आणि आपल्याच हातांनी सावरते. तिथं मुलं वाचायला शिकतात, आणि एकमेकांसाठी थांबायलाही. तिच्याकडे पाठ फिरवण्याआधी एकदा तिच्या खिडकीतून आत डोकावून बघा!

पेंटरची आई पुढच्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागली त्याच आठवड्यात गेली. आदल्या दुपारी नातीने तिला एक अख्खा धडा वाचून दाखवला होता.